दोन चांदूर आणि एक यादी

मनुष्याच्या हातून होणाऱ्या चुका दोन प्रकारच्या असतात. कांहीं अज्ञानानें होतात, तर कांहीं 'आपणांस ठाऊकच आहे' अशा भ्रमानें होतात. आमच्या हातून घडलेली चूक दुसऱ्या प्रकारची होती, व तीच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं अमरावतींतील एका वसतिगृहाचें दप्तर आमच्याकडे होतें. अर्जांवरील नांवें व पत्ते आम्ही संगणकांत जसे वाचतां येतील तसे टंकून घेत असूं. एका अर्जावर गांवाच्या जागीं 'चांदूर' एवढेंच लिहिलें होतें. अमरावती जिल्ह्यांत चांदूर बाजार व चांदूर रेल्वे असे दोन तालुके आहेत; एक शहराच्या उत्तरेस, दुसरा मुंबई-नागपूर लोहमार्गावर. विचारण्याचा आळस करून आम्हीं 'बाजार' हा शब्द स्वतःच जोडून दिला. प्रवेशाचें पत्र भलत्याच गांवीं गेलें. मुदत टळल्यावर मुलीचे वडील आले. ते रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, "आमचं चांदूर रेल्वेचं जी, सर. पोरगी रोज पोस्टमनची वाट पाहत होती." जागा भरून गेली होती. ती मुलगी वर्षभर एस. टी.नें ये-जा करीत राहिली.

त्या लाजेनें आम्हांस शिकावयास लाविलें. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस नांवाच्या प्रणालींत आम्हीं तीन तक्ते मांडले: जिल्हे, तालुके व गांवें. प्रत्येकास एक क्रमांक दिला. तालुक्याच्या ओळींत त्याच्या जिल्ह्याचा क्रमांक व गांवाच्या ओळींत त्याच्या तालुक्याचा क्रमांक लिहिला; आपण आपल्या नांवापुढें वडिलांचें नांव लिहितों, अगदीं तसेंच. मग अर्जाच्या पडद्यावर एकाखालीं एक अशा तीन याद्या ठेविल्या. वरच्या यादींत अमरावती निवडतांच दुसरींत तिचेच चौदा तालुके दिसावेत. अकोला निवडतांच अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी व अकोला हे सातच दिसावेत, अशी ही योजना. मालेगांव नाशिक जिल्ह्यांतही आहे व वाशिम जिल्ह्यांतही आहे. माणसास दोहोंचें नांव एकच दिसतें. संगणक मात्र क्रमांक जपून ठेवितो, म्हणून त्याचा घोटाळा होत नाहीं.

आम्ही फार समाधान पावलों. परंतु तें अल्पकाळच टिकलें. छापील यादी भिंतीवर लागली तेव्हां आठवीचा एक विद्यार्थी येऊन म्हणाला, "सर, मी पारसचा. मला मोझरीस कां धाडलं?" पाहतों तों खरेंच! जिल्हा अकोला, तालुका बाळापूर, आणि गांव मात्र तिवसा तालुक्यांतील मोझरी. झालें होतें असें: भरतांना प्रथम आम्हीं चुकून मोझरी निवडिली होती, मग वरचा जिल्हा व तालुका सुधारले. खालची यादी बदलली, चौकट रिकामी दिसूं लागली, व 'गांव उद्यां विचारून भरूं' म्हणून आम्ही उठलों. डोळ्यांस चौकट रिकामी होती. तिच्या पोटांत मोझरीचा क्रमांक तसाच होता.

उपाय सोपा निघाला. वरची निवड बदलतांच घडणाऱ्या 'आफ्टर अपडेट' या प्रसंगीं संगणकास दोन आज्ञा द्यावयाच्या: आधीं खालची चौकट खरोखर रिकामी कर, मग तिची यादी नव्यानें आण. जिल्हा बदलला तर तालुका व गांव दोन्हीं पुसलीं पाहिजेत. एका विद्यार्थ्याच्या नोंदीवरून दुसऱ्याच्या नोंदीवर जातांनाही यादी नवी करावी, नाहींतर आधींच्या मुलाचा तालुका पुढच्याच्या वांट्यास येतो.

आणखी एक गोष्ट उमगली. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वाशिम जिल्हा वेगळा झाला. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर इत्यादि तालुक्यांतील पालकांच्या जुन्या दाखल्यांवर 'जिल्हा अकोला' असेंच आढळतें. तालुक्याचा जिल्हा एकाच ठिकाणीं लिहिलेला असला म्हणजे असा बदल सहा तालुक्यांच्या सहा ओळींत आटोपतो. प्रत्येक मुलाच्या नोंदींत तो लिहिला असेल तर शेंकडों ठिकाणीं पुसापुशी करावी लागते.

विद्यार्थी मित्रहो, यादी कितीही शहाणी केली तरी ती विचारणाऱ्याचें काम करीत नाहीं. दोन चांदुरांपैकीं चुकीचें निवडलें तर तेंही ती निमूटपणें स्वीकारील. म्हणून अर्जावर गांव, तालुका व जिल्हा हीं तिन्हीं स्पष्ट लिहा, आणि पालकांनींही तीं एकदां वाचून पाहावीं.

पुढल्या वर्षीं त्या मुलीचा अर्ज पुन्हां आला. त्या वेळीं आम्हीं तिला आपल्या शेजारीं खुर्ची दिली व यादी उघडून म्हटलें, "बेटा, तुझें चांदूर तूंच दाखव." तिनें योग्य ओळीवर बोट ठेविलें. पत्र टपालांत टाकण्याची गरजच उरली नाहीं. तें आम्हीं तेथेंच तिच्या हातीं दिलें.