दीड कोटींचा हिशेब

तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर पिवळ्या जर्सीत दिसणार, एवढ्या एका कारणाने आम्ही धाराशिवकर २०२२ साली आयपीएलमध्ये चेन्नईचे झालो. लिलावात त्याची मूळ किंमत ३० लाख. बोली थांबली दीड कोटीवर. त्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही. २०२३च्या सलामीला त्याने गुजरातचे तीन गडी बाद केले, तेव्हा पैसे जणू आमचेच वसूल झाले! त्यानंतर आणखी एक सामना, आणि पुढे राखीव बाक. तीन हंगाम, दोन सामने. २०२४ अखेरच्या लिलावात लखनौने त्याला घेतले ते पुन्हा ३० लाखांनाच.

कोणास खेळवावे हे संघाने ठरवावे. २०२३चे विजेतेपद चेन्नईनेच मिळवले, हेही आम्हांस मान्य. आमची तक्रार निराळी आहे. वेगवान गोलंदाज षटके टाकून घडतो. फ्रँचायझी त्याचे उमेदीचे हंगाम विकत घेते आणि न वापरताच सोडून देते. तिच्या वहीत तो किरकोळ खर्च ठरतो. त्याची भाववाढ व घसरण मात्र जिल्हाभर चर्चिली जाते, आणि सामने कोणी विचारीत नाही. आता पिवळी जर्सी दिसली की आम्ही धावफलकाआधी खेळणाऱ्यांची यादी पाहतो.