शिंकांचीच गाणी

मैत्रिणींनो, घरात कुणालाही सर्दी झाली की आपण गवती चहा, आल्याचा काढा, वाफारा यांच्यामागे धावतो. पण आपल्यालाच झाली की?

गेल्या पावसाळ्यात माझं नाक असं चोंदलं, की विचारू नका. सकाळी ओट्याशी उभी राहून म्हटलं, "आज मला बरं नाही हो." तोंडातून निघालं, "आज बला बरं दाही!" मुलं खो-खो हसली. आमचे हेही हसले आणि वर विचारते झाले, "चहा झाला का?" मला काही हसू आलं नाही. तेवढ्यात शिंक आली, त्यात रडू खपून गेलं.

दुपारी वाणसामानाच्या यादीमागे चार ओळी खरडल्या. आई रोज अभंग म्हणायची, तो साचा कानात बसलेला. मोठ्या अभंगाचा हिशेब सोपा आहे: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं. यमक दुसऱ्या नि तिसऱ्या चरणाला.

नाक झाले बंद । डोळा आले पाणी ।
शिंकांचीच गाणी । घरभर ॥

पुन्हा पोळी-भाजी । पुन्हा धुणी-भांडी ।
घालू कधी मांडी । क्षणभर ॥

शेवटचा तोकडा चरण पाहिलात? चोंदल्या नाकानं श्वास तेवढाच पुरतो! आणि 'पुन्हा, पुन्हा' लिहिताना वाटलं, शिंक काय नि भांडी काय, एकदा होऊन संपत नाहीत.

रात्री जेवताना वाचून दाखवलं. नाकातून हवा जात नसली की 'म'चा 'ब', 'न'चा 'द' आणि 'ण'चा 'ड' होतो. 'पाणी'चं झालं 'पाडी', 'गाणी'ची झाली 'गाडी'. पण गंमत बघा, यमक जुळलेलंच राहिलं! अक्षरंही सहाची सहा. पुन्हा सगळे हसले. दुसऱ्या कडव्याला मात्र हसू थांबलं. धाकटीनं मुकाट्यानं ताटं उचलली. यांनी काढा केला; आलं फार, गूळ विसरलेला. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

सर्दी आठवड्यानं गेली. यादी मात्र अजून ओट्याजवळच्या खिळ्याला आहे. तुम्हीही कधी बोटांवर अक्षरं मोजून पाहा. साधं सांगून जे घरात ऐकू जात नाही, ते कधीकधी यमकात जातं, बाई!