जुन्या होडीचे नवे शीड

होडीचे लाकूड म्हातारे झाले की बोलू लागते. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते, खिळ्यांभोवती काळे डाग पडतात, सुकाणू करकरते. दोर झिजला की त्याचे पीळ उलगडतात आणि त्याची कुसळे हाताला टोचतात. शीड मात्र असे काही करीत नाही. दुरून पाहणाऱ्यास ते अखेरपर्यंत धडधाकट दिसते. उभारले की फुगते आणि उन्हात पांढरेशुभ्र झळकते. त्याने आपले काम केव्हाच सोडून दिलेले असते, पण हे फक्त होडीला आणि सुकाणूवर बसणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणूनच जुने शीड बदलण्याचा प्रश्न अवघड होतो. ज्याला काही झालेले दिसत नाही ते का बदलावयाचे, हे घरातील वडीलधाऱ्यांना पटवून देणे हेच त्यातील मोठे काम असते.

आम्ही म्हणजे दोन सख्ख्या भावांची सात मुले. वसईच्या खाडीकाठी आमची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. आमचे आजोबा तांडेल होते. त्यांनी १९६२ साली बांधून घेतलेली चोवीस फुटांची सागवानी होडी आम्हां सातही जणांच्या सामाईक मालकीची आहे. एक डोलकाठी, तिच्यावर तिरके परबाण आणि परबाणाला बांधलेले एकच मोठे शीड, एवढाच तिचा सरंजाम. किनाऱ्यावरील नौकांना यंत्रे बसली, तशी आमच्या घरीही यंत्राची नौका आली आणि तिच्यावर दोन्ही घरांचे संसार उभे राहिले. शिडाची होडी मात्र कोणी विकावयास काढली नाही. हवा चांगली असता खाडीत जाळे टाकावयास, सणासुदीला पलीकडच्या नातलगांकडे जावयास आणि मुलांना वारा ओळखावयास शिकविण्यास ती उपयोगी पडत राहिली.

२००१ साली वडिलांनी आणि काकांनी या होडीचे शीड आपल्या हातांनी शिवले. मशीद बंदरच्या बाजारातून जाड सुती कॅनव्हास आणले, दोऱ्याला मेण लावले आणि तीन आठवडे दोघे भाऊ ओटीवर समोरासमोर बसून शिवीत होते. एकाने एका टोकाकडून सुरुवात केली, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाकडून. वडिलांचे टाके बारीक, तिरके, एकमेकांना चिकटलेले. काकांचे लांब आणि ऐसपैस. मधल्या पट्टीवर जेथे दोघांचे हात एकत्र आले, तेथे ही दोन हस्ताक्षरे सहज वेगळी वाचता येत.

पुढे पाच वर्षांनी याच दोन भावांत बोंबील सुकविण्याच्या वलांडीच्या जागेवरून वितुष्ट आले. बोलणे थांबले. जागेची वाटणी झाली, जाळ्यांची झाली. होडीची कशी करणार? ती सामाईकच राहिली. एका रविवारी ती या घरची, दुसऱ्या रविवारी त्या घरची. २०१४ साली काका गेले. समेट व्हावयाचा तो राहूनच गेला. तेव्हापासून ते शीड म्हणजे दोघांनी मिळून केलेली अखेरची गोष्ट, असे आम्ही सारेच मनोमन मानीत आलो. मोठ्याने मात्र कोणी म्हटले नाही.

शिडाचा बिघाड प्रथम वळणांवरून लक्षात आला. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर पश्चिमेकडे जावयाचे असेल तर होडीला सरळ जाता येत नाही; एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट धरावी लागते. आमच्या जातीच्या शिडाला तर दर वळणाला परबाण डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूस न्यावे लागते, आणि हे मेहनतीचे काम. पूर्वी चार वळणांत गाठता येणारी जागा आता सात वळणांतही येईना. होडी पुढे जाण्याऐवजी एका कुशीवर कलू लागली आणि वाऱ्याबरोबर बाजूला सरकू लागली.

याचे कारण शिडाच्या आकारात आहे. शीड वाऱ्याला अडविते आणि वारा त्याला ढकलतो, असा सर्वसाधारण समज असतो. वारा पाठीशी असता तो खराही आहे. पण वारा समोरून तिरपा येत असेल तेव्हा शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. वारा त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो, बाहेरच्या फुगीर अंगाला हवेचा दाब कमी होतो आणि होडी पुढे खेचली जाते. त्यासाठी शिडाचे पोट बेताचे आणि पुढच्या कडेकडे असावे लागते. वर्षानुवर्षे ताण सोसून कापड सैल पडले की ते पोट खोल होते आणि मागे सरकते. मग वाऱ्याचा जोर पुढे नेण्यात न लागता आडवा लागतो. कापडाला छिद्र पडलेले नसते, टाका उसवलेला नसतो, तरी शीड जुने झालेले असते.

आम्ही ही गोष्ट काढली तेव्हा वडील म्हणाले, “टाके शाबूत आहेत ना? मग ठिगळ लावा.” त्यांचे वय तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे. पुढे कोणी बोलले नाही. ठिगळे तर आधीच चार होती. २०२१ च्या डिसेंबरात एका दुपारी साधारणच वारा असता शीड हातभर फाटले. फाटले ते शिवणीच्या कडेने, सुईच्या भोकांच्या रांगेने. शिवण मात्र जशीच्या तशी.

शिडे शिवण्यात आयुष्य घालविलेले दक्षिण कोकणातील एक वृद्ध कारागीर आमच्या ओळखीचे होते. त्यांना आम्ही बोलावून घेतले. त्यांनी शीड ओटीवर पसरले, उजेडाकडे धरले, हुंगून पाहिले. मग एका पट्टीवर दोन्ही अंगठे टेकून जरासा दाब दिला, तर कापड ओल्या कागदासारखे फाटत गेले. सुती कापडाचा मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. मीठ हवेतील ओल ओढून घेते, त्या ओलीवर बुरशी धरते आणि बुरशी धाग्याचा जीव खाते. वरून ऊन आपले काम करतेच. मेणाच्या दोऱ्याला मात्र मेणाचे कवच होते. ते वडिलांकडे वळून म्हणाले, “दादा, टाका जगला, कापड मेलं. तुमच्या दोघांच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही.” वडील बराच वेळ त्या शिवणीवरून बोट फिरवीत बसले. भावाच्या टाक्यांपाशी ते बोट थांबलेले आम्ही पाहिले. संध्याकाळी त्यांनी एवढेच विचारले, “कापड कुठून आणणार?”

कापडाचा प्रश्नही सोपा नव्हता. १९४१ साली इंग्लंडमध्ये पॉलिएस्टरच्या धाग्याचा शोध लागला आणि १९५० च्या दशकापासून त्याची शिडे होऊ लागली. आज जगभरच्या क्रीडानौका बहुधा तीच वापरतात. ते कापड कुजत नाही, सहसा ताणत नाही; त्याला भय उन्हाचे. तेही पहिल्याने दोऱ्याला, कारण घट्ट विणीच्या कापडात दोरा रुतत नाही, वर उघडा राहतो. आमच्यातील धाकट्यांचा ओढा पॉलिएस्टरकडे होता. कारागिरांनी वेगळाच मुद्दा काढला. न ताणणारे शीड वाऱ्याचा प्रत्येक हिसका जसाच्या तसा डोलकाठीला आणि होडीच्या फळ्यांना देते. साठ वर्षांच्या लाकडाला तो सोसेल काय? सुती कापड थोडे नमते घेते. आयुष्य कमी, निगा अधिक. पण जुन्या लाकडाशी त्याचे जमते. आम्ही सुती कापड ठरविले आणि त्याआधी डोलकाठीचा बुंधा ज्या खोबणीत बसतो ती खोबण दुरुस्त करून घेतली. खर्चाचे सात समान भाग केले. दोन्ही घरांनी एका कामासाठी एका डब्यात पैसे टाकण्याची ती सोळा वर्षांतील पहिलीच वेळ होती.

जुने शीड जमिनीवर पसरून त्यावर नवे कापड बेतावे, असे आम्हांला वाटत होते. कारागिरांनी साफ नकार दिला. जुने शीड ताणून ताणून आपला मूळ आकार विसरलेले असते. त्याच्यावर बेतलेले नवे शीड जन्मतःच म्हातारे होते. माप घ्यावयाचे ते डोलकाठीचे, परबाणाचे आणि दोर बांधण्याच्या जागांचे. लाकूड ताणत नाही. त्यांनी दिवसभर होडीत बसून मापे घेतली. पट्ट्या कापताना प्रत्येक पट्टीची कड किंचित वक्र ठेवली. सरळ कडा जोडल्या तर चादर होते. वक्र कडा एकमेकींना जोडल्या की कापडाला पोट येते, आणि मगच त्याचे शीड होते.

मग जुन्या शिडाचे काय करावयाचे, हा प्रश्न निघाला. ते जपून ठेवावे, असे कोणी म्हणाले. इंग्लंडमध्ये नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाचे एक शीड असे जपलेले आहे, हे आमच्यापैकी एकाने वाचले होते. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी झालेल्या ट्रफाल्गरच्या लढाईतील ते शीड तोफगोळ्यांनी चाळणीसारखे झाले आहे. ते शिवलेले नाही, बदललेले नाही. पाहावयास ठेवलेले आहे. त्यावर आमची थोरली चुलत बहीण म्हणाली, “ते जहाज १९२२ सालापासून कोरड्या गोदीत आहे. आपली होडी पाण्यात आहे.” त्या वाक्याने वाद मिटला. जुन्या शिडाचा जेवढा भाग धड होता, त्याचे पावसाळ्यात होडीवर घालावयाचे आच्छादन केले. आच्छादनाला आकार लागत नाही, फक्त माया लागते, असे वडील हसत म्हणाले. दोघांचे टाके एकत्र आलेली मधली पट्टी त्या आच्छादनाच्या मध्यभागी आली.

२०२२ च्या जून-जुलैत, पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते त्या एकसष्ट दिवसांत, शिवणकाम झाले. त्याच जुन्या ओटीवर आम्ही पाळीपाळीने बसत होतो. तळहातावर चामड्याची पट्टी बांधावयाची, तिच्यातील लोखंडी चकतीने तीन धारी सुई कापडात रेटावयाची. पहिल्या दिवशी हातांना फोड आले. वडील खुर्चीवर बसून पाहत असत. कडेचा दोर शिवावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी सुई मागितली. आपल्या बाजूचे वीतभर शिवून ते थांबले आणि काकांच्या मुलाला जवळ बोलावले. “ती कड तुझ्या बापाची. ती तूच शिवायची,” ते म्हणाले, “आणि टाके लांब घे. त्याचे लांब असायचे.” कोणीच काही बोलले नाही. पुतण्या खाली बसला आणि त्याने सुईत दोरा ओवला.

नारळी पौर्णिमा झाली तरी नवे शीड आम्ही लगेच चढविले नाही. नव्या सुती शिडाला आरंभी जोराच्या वाऱ्यात ताणू नये. कापड आणि कडेचा दोर यांना एकमेकांची ओळख होऊ द्यावी लागते, नाहीतर आकार कायमचा बिघडतो. ऑक्टोबरात हलक्या वाऱ्याचे आठ-दहा दिवस त्याला नुसते हिंडविले. मग एका दुपारी खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर होडी घातली. ती कलली, पण बेताने. आणि सरकली नाही, चालली. चौथ्या वळणाला आम्ही जागेवर होतो. वडिलांना आम्ही नेले नव्हते. ते धक्क्यावर खुर्ची टाकून वळणे मोजीत बसले होते.

२०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. मोटारींसह माणसे तिच्यातून खाडी ओलांडू लागली, तसे लोक आम्हांला विचारू लागले, हा उपद्व्याप कशासाठी? उत्तर द्यावयाचे तर आम्ही एवढेच सांगतो की, आता आमच्या होडीला रविवारची वाटणी उरलेली नाही. जो मोकळा असेल तो जातो, आणि परतल्यावर ज्याचे अंगण रिकामे असेल त्याच्या अंगणात शीड गोड्या पाण्याने धुऊन वाळत घातले जाते. कोरडे झाल्याखेरीज ते घडी करावयाचे नाही, हा नियम दोन्ही घरांतील मुलांना पाठ आहे.

हेही शीड एक दिवस जुने होईल. त्यासाठी एका वहीत आम्ही सारी मापे लिहून ठेवली आहेत : डोलकाठीची उंची, परबाणाची लांबी, तिन्ही कडा, प्रत्येक पट्टीची वक्रता. वही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे आणि डबा कोठे ठेवला आहे, हे दोन्ही घरांना ठाऊक आहे. पहिल्या पानावर वडिलांच्या थरथरत्या अक्षरांत एक ओळ आहे : पुढच्यांनी हे शीड मोजू नये, होडी मोजावी.