मोती आणि भरती-ओहोटी

कुत्र्याला बरोबर घेऊन सहलीला निघणाऱ्या माणसाने स्थळदर्शनाचा हट्ट घरीच ठेवावा. देवळाच्या पायरीशी त्याला अडवतात, खानावळीच्या दारात नाके मुरडतात. मुक्तद्वार अशी जागा एकच, ती म्हणजे समुद्रकिनारा!

आमचा मोती अस्सल गावठी. वय वर्षे १२. त्याचा लाडका किनारा अक्षीचा. अलिबागहून रेवदंड्याच्या वाटेवर पाचेक किलोमीटर. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारी नेणारी बोट सुरू झाली, तेव्हापासून पेण-वडखळचा वळसाही वाचला. अक्षीत शके ९३४ चा मानला जाणारा मराठी शिलालेख आहे. थोरांनी तो अवश्य पाहावा. मोती मात्र सुरूच्या झाडांचा वास आला की कोणासाठी थांबत नाही.

किनाऱ्यावर जाण्याआधी आमच्या घरी कालनिर्णय उघडले जाते. कोळ्यांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ अदमासे मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि ओहोटी ऐन दुपारी, तापल्या वाळूत. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. हा हिशेब पूर्वी आम्ही गंमत म्हणून करीत असू. आता मोतीच्या मागच्या पायांत जोर उरलेला नाही. भुसभुशीत वाळूत तो दहा पावलांत बसतो. ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या, टणक वाळूवर मात्र अर्धा तास आनंदाने चालतो. तेव्हा आमच्या सहली आता पौर्णिमा-अमावास्येलाच!

सामान थोडेच. गोड्या पाण्याची बाटली आणि वाडगा हवाच. खारे पाणी प्यायले की कुत्र्याला उलट्या होतात. लाटांनी टाकलेला फुगीर केंड मासा दिसला तर साखळी आवळावी. तो विषारी असतो. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात, त्यांच्यावरही कुत्र्याला सोडू नये. लांबच्या प्रवासाने ते थकलेले असतात.

तरुणपणी मोती पुढे धावे आणि आम्ही ‘मोती, मोती’ करीत मागे. तेव्हा दिसली ती फक्त त्याची शेपटी. आता त्याच्या चालीने चालतो, तर इवले खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती कशी रांगोळी मांडतात, ते दिसते. मोती एकेक बीळ हुंगतो. धाकटी कन्या त्याच्याशेजारी उकिडवी बसते. कोणालाच घाई नसते.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा. डॉक्टरांनी ‘जमेल तोवर न्या’ म्हटले आहे. मोटारीच्या मागच्या बाकावर त्याची गोधडी आम्ही आत्ताच घालून ठेवली आहे.