व्याह्यांच्या घरचा नाताळ

आमच्या लोकांत जांवयाला दिवाळसणास बोलावण्याची चाल आहे. सासऱ्यानें जांवयाच्या घरीं सणास जाऊन राहावें, असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. उलट मुलीच्या घरचें पाणीहि न पिणारीं माणसें आम्हीं लहानपणीं पाहिलेलीं आहेत. परंतु काळ मोठा खट्याळ आहे. आमच्या एकुलत्या एक कन्येनें फ्रान्स देशांतील आल्सास प्रांतांत नोकरी धरली, तेथेंच एका द्राक्षबागाइतदाराच्या मुलाशीं विवाह केला, आणि २०२३ सालच्या हिंवाळ्यांत आम्हां उभयतांस निक्षून कळविलें कीं, या खेपेस नाताळ आमच्याकडे! पाणी न पिण्याचा जुना नियम पाळूं म्हटलें तर तेथें सहज पाळतां आला असता. कारण त्या प्रांतांत सणाच्या दिवसांत पाहुण्यास पाणी कोणी देतच नाहीं.

द्राक्षाच्या वेलाशीं आमचा परिचय जुना आहे. आमचें मूळ गांव सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत. तेथें सह्याद्रि पाऊस अडवून धरतो, म्हणून पूर्वेकडे कोरडी हवा मिळते व द्राक्ष पिकतें. आल्सासांत जाऊन पाहतों तों तोच प्रकार! वोज पर्वत पश्चिमेचे ढग अडवतो, आणि त्याच्या पूर्वेस कोल्मार शहराच्या आसपास इतका कमी पाऊस पडतो कीं, सबंध फ्रान्समध्यें अशीं ठिकाणें थोडींच सांपडतील. एवढें साम्य पाहून आम्हांस घरीं आल्यासारखें वाटलें. तें वाटणें स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकीपर्यंत टिकलें. पुढें थंडीनें कानशिलें बधिर केलीं.

पहिले दोन दिवस जत्रा पाहण्यांत गेले. तिला जत्राच म्हटलें पाहिजे; ‘नाताळबाजार’ हा शब्द आम्हांस कोरडा वाटतो. स्ट्रासबुर्ग शहरची जत्रा १५७० सालापासून भरत आलेली आहे. कोल्मारची तितकी जुनी नाहीं, पण जुन्या लांकडी चौकटींच्या घरांमधून ती भरते, म्हणून जुनी दिसते. दोन्ही शहरांच्या मध्यें सेलेस्ता म्हणून एक गांव आहे. तेथील ग्रंथालयांत १५२१ सालचें हिशेबाचें पुस्तक जपून ठेविलें आहे. नाताळच्या सुमारास झाडें राखण्याबद्दल रानरक्षकांस चार शिलिंग दिल्याची नोंद त्यांत आहे, आणि नाताळच्या झाडाच्या अत्यंत जुन्या लेखी उल्लेखांत तिची गणना होते. म्हणजे ज्या झाडावर आज जगभर दिवे लागतात, तें कागदावर आलें तें चोरांच्या भीतीनें! गणेशचतुर्थीच्या पहाटे शेजाऱ्याच्या कुंपणांतून दूर्वा आणि जास्वंदी लांबविणाऱ्या आमच्या भाविक मंडळींस ही नोंद वाचून परकें वाटणार नाहीं.

या दिवसांत घरोघर ‘ब्रेडेले’ नांवाचीं छोटीं बिस्किटें भाजून डब्यांत भरून ठेवतात व शेजारीं ताटें पाठवितात. आमच्या विहीणबाईंनीं बारा प्रकार केले होते. आमच्या सौभाग्यवतींनीं पुण्याहून नेलेल्या चकल्या त्यांच्याच एका डब्यांत जाऊन बसल्या, आणि तिसऱ्या दिवशीं त्या डब्यावर पहिली झडप पडूं लागली, हें नमूद करण्यास आम्हांस अभिमान वाटतो.

जत्रेंत चार पावलांवर हंडे मांडलेले असतात व त्यांत वाइन ऊन होत असते. तिकडे पांढरी वाइनहि ऊन करून पितात. तींत दालचिनी, लवंग, चक्रीफूल आणि संत्र्याची साल. त्यामुळें सबंध चौकाला आमच्या घरच्या मसाल्याच्या डब्याचा वास. आम्ही गरम सफरचंदाच्या रसाचा पेला हातांत घेऊन हिंडत होतों, परंतु नाकानें मनसोक्त वाइन प्यालों. नाकाला कोणी शपथ घातलेली नव्हती.

शपथ घातलेली होती ती तोंडाला, आणि तीहि चोविसाव्या तारखेच्या दुपारीं थोडी डळमळली. कॉफीबरोबर ‘बेरावेका’ नांवाचा पदार्थ आला. सुकविलेले नासपती, अंजीर, अक्रोड घट्ट थापून केलेली ती वडी आम्हांस इतकी आवडली कीं, तीन खांडें संपलीं. चौथ्याकडे हात गेला तेव्हां जांवईबापूंनीं मोठ्या कौतुकानें सांगितलें कीं, यांतील फळें चेरीच्या कडक दारूंत भिजवून मुरविलेलीं असतात. सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. अजाणतां घडलेल्या दोषास प्रायश्चित्त नाहीं, असें धर्मशास्त्र आम्हीं तेथल्या तेथें काढलें. चौथें खांड मात्र ताटांतच राहिलें.

रात्रीं सर्व मंडळी मेजाभोंवतीं बसली. मध्यभागीं व्याह्यांच्या मातुश्री. वय सत्त्याऐंशीं, पाठ ताठ. आमच्यासाठीं निरामिष पदार्थ निराळे मांडलेले. मग व्याही तळघरांत जाऊन एक उंच हिरवी बाटली दोन्ही हातांनीं, जणूं तान्हें मूल आणावें तशी, घेऊन आले. ती १९९० सालची होती. आमच्या कन्येचें तें जन्मसाल. त्या सालीं तिकडे द्राक्ष उत्तम पिकलें होतें. व्याह्यांनीं स्वतः भरलेली ही बाटली इतकीं वर्षें तळघरांत होती, आणि सुनेचें जन्मसाल कळल्यापासून तिच्या माहेरच्या माणसांकरितां म्हणून तिला कोणी हात लावला नव्हता. त्यांनीं पहिला पेला आमच्यापुढें धरला.

आम्हीं पेल्यावर हात आडवा ठेविला.

लग्नांत विहिणीच्या पायांवर ऊन पाणी कमी पडलें म्हणून मांडव सोडून निघालेलीं वऱ्हाडें आम्हीं पाहिलीं आहेत. व्याही कांहीं बोलले नाहींत, पण बाटली धरलेला हात जागच्या जागीं राहिला. कन्येनें घाईघाईनें फ्रेंचमध्यें कांहीं सांगितलें. त्यांतला ‘दॉक्तर’ हा एकच शब्द आम्हांस समजला, आणि तो खोटा होता. मातुश्रींनाहि तो खोटा वाटला असावा. त्यांनीं सरळ आमच्याकडे पाहून प्रश्न केला. कन्येनें खालीं मान घालून तो मराठींत सांगितला: “आजी विचारतात, खरें कारण काय?”

आम्ही मराठींत बोलत गेलों आणि ती वाक्यावाक्याला फ्रेंच करीत गेली. आमच्या थोरल्या बंधूंची चार एकर बाग होती. एका फेब्रुवारींत, माल उतरावयास आठ दिवस राहिले असतां, गारांनीं अर्ध्या तासांत ती झोडपून काढली. कर्ज झालें. मग ते गुत्त्यावर बसूं लागले. द्राक्षाची नव्हे, साधी गांवठी दारू. दोन एकर विकलीं. १९८९ सालीं ते गेले, आणि तेराव्याच्या दिवशीं आईनें आमचा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घेवविली.

मध्येंच भाषांतर थांबलें. आमच्या कन्येला काका काविळीनें गेले एवढेंच ठाऊक होतें. मुलीचें स्थळ पाहतांना घराण्याची चौकशी होते, बट्टा नको, म्हणून आम्हीं उभयतांनीं तेंच सांगत राहावयाचें ठरविलें होतें. स्थळ तर तिनें आपलें आपण पाहिलें, तरी आम्हीं आपलें खोटें चालूच ठेविलें. “काका?” एवढेंच ती मराठींत म्हणाली. मग तिनें राहिलेलें वाक्य फ्रेंचमध्यें पुरें केलें. तें आमच्या मराठीपेक्षां बरेंच लांब होतें. तिनें त्यांत काय घातलें तें आम्हीं अद्याप विचारलेलें नाहीं.

व्याही उठून पुन्हां तळघरांत गेले, आणि नातवंडांसाठीं ठेविलेल्या द्राक्षाच्या गोड रसाची बाटली घेऊन आले. आमचा पेला त्यांनीं त्या रसानें भरला. ती १९९० ची बाटली त्यांनीं व जांवईबापूंनीं मिळून संपविली, हेंहि खरें सांगण्याच्या ओघांत सांगितलेंच पाहिजे.

मग मातुश्री बोलूं लागल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या हयातींत, घर न बदलतां, त्या घराचें राष्ट्र तीन वेळां बदललें: जन्म जर्मनींत, १९१८ नंतर फ्रान्स, १९४० सालीं पुन्हां जर्मनी, १९४५ सालीं पुन्हां फ्रान्स. १९४४ च्या डिसेंबरांत लढाई त्या टेंकड्यांवर आली. जवळचीं बेनविर, सिगोल्सहाइम हीं गांवें जवळजवळ जमीनदोस्त झालीं. मातुश्री तेव्हां आठ वर्षांच्या. त्यांचें सबंध कुटुंब नाताळांत याच तळघरांत पिंपांच्या मध्यें राहिलें. विहीर रस्त्यापलीकडे होती आणि रस्त्यावर तोफांचे गोळे पडत होते; म्हणून मुलांनाहि वाइनच पाजीत. “त्या वासानें मला अजून भीति वाटते,” कन्येनें आम्हांस सांगितलें, “पण रोज एक पेला घेतें.” आणि मातुश्रींनीं आपला पेला उचलून थोडी वाइन घेतली. आम्हीं रस घेतला.

दुसऱ्या दिवशीं कन्या आमच्याशीं कामापुरतेंच बोलली. आम्ही तिला दोष देत नाहीं. संध्याकाळीं तिनें विचारलें, “बाबा, काकांचा फोटो आहे का?” आमच्यापाशीं नव्हता. तेव्हां तिनें तासगांवास आमच्या पुतण्याला फोन लावला. लहानपणानंतर त्या दोघांचें बोलणें झाल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं. दार लावून ती तासभर बोलत होती.

सव्विसाव्या तारखेसहि तिकडे सुट्टी असते. बाकीच्या फ्रान्समध्यें बहुतेक ठिकाणीं ती नाहीं. जर्मन अमलांतला हा सण आल्सासी लोकांनीं राज्य बदलल्यावरहि सोडला नाहीं, आणि सुट्टी सोडीत नाहींत ते लोक शहाणेच म्हटले पाहिजेत. सकाळीं व्याही आम्हांस बागेंत घेऊन गेले. समोरच्या टेंकडीवर त्या लढाईंतील सुमारें दीड हजार सैनिकांचें स्मशान दिसतें. त्यांत उत्तर आफ्रिकेंतून आलेल्या मुसलमान शिपायांच्या कबरीहि पुष्कळ आहेत, आणि चोहोंकडून द्राक्षाचे वेल लागून आलेले आहेत. वेल निष्पर्ण, काळे, गाढ झोंपलेले. सण कां करतात तें तेथें उभें राहिल्यावर कळतें: माल सप्टेंबर-आक्टोबरांत उतरला, वाइन पिंपांत गेली, आतां वेलाला कांहीं भय नाहीं आणि माणसाला घाई नाहीं. आमच्याकडे याच दिवसांत बागाइतदाराची झोंप उडालेली असते.

मध्यें दुभाषी होतीच. व्याह्यांनीं विचारलें, तुमचा वेल कोणत्या मुळावर? आम्हीं सांगितलें, अमेरिकन डॉगरिजवर कलम करतों. ते हंसले. मुळें खाणाऱ्या फिलोक्सेरा किड्यानें एकोणिसाव्या शतकांत युरोपच्या बागा खाऊन टाकल्या, तेव्हांपासून त्यांचेहि वेल अमेरिकन मुळांवरच उभे आहेत. म्हणजे दोन्हीं घरचे वेल सगोत्र निघाले! लग्न आधींच होऊन गेलें होतें म्हणून बरें.

तोंच पुतण्याचा फोटो आला. बंधूंचा नव्हे, बागेचा: उरलेल्या दोन एकरांतले हिरव्या मण्यांचे घड, वर भरून आलेलें आभाळ, आणि खालीं चार शब्द, “ढगाळ आहे. दावण्याची धास्ती.” व्याह्यांनीं तो बराच वेळ पाहिला. डिसेंबरांत हिरवे घड त्यांनीं कधीं पाहिले नव्हते. त्यांनीं विचारलें, “हा झोंपतो केव्हां?” आम्हीं सांगितलें, झोंपत नाहीं; एप्रिलांत खरडछाटणी, आक्टोबरांत गोडी छाटणी, वर्षांतून दोनदां कात्री लागते. व्याही मान हलवीत जें कांहीं म्हणाले, त्याचें मराठी करावयास कन्येला जरा वेळ लागला. “बिचारा, म्हणतात.” त्या दोन दिवसांत ती प्रथमच हंसली.

मग त्यांनीं कात्री आमच्या हातीं दिली. त्यांच्या रीतीप्रमाणें दोन लांब काड्या राखून बाकीचें सर्व छाटावयाचें. परंतु हाताला लहानपणचें वळण. आम्हीं सगळ्याच काड्या आंखूड केल्या. व्याही कांहीं बोलले नाहींत. खिशांतून तांबडी दोरी काढून त्यांनीं त्या वेलाला बांधली, आणि आपण पुढच्या वेलाकडे गेले.

२०२४ च्या सप्टेंबरांत कन्येचा निरोप आला. शेजारच्या वेलांना पंधरा पंधरा घड. तांबड्या दोरीच्या वेलाला पांच. व्याह्यांनीं ते निराळे काढून, नातवंडांच्या रसांत घातले.