मुलांचं उत्तर परत येऊ दे

नाशिक,
सप्टेंबर अखेर

चि. मुक्ता हिस,


तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दसरा झाला की तुझ्या शाळेतली कितीतरी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार, कारखान्याजवळच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत राहणार आणि हंगाम संपून पट्टा पडला की उन्हाच्या तोंडाशी गावात परत येणार. तोवर त्यांचा अभ्यास फोनवर चालू ठेवता येईल का, असं तू विचारतेस. येईल. पण रोज सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आणि स्वाध्यायाची लिंक टाकायची, हा तुझा बेत मला पटलेला नाही.

त्याआधी एक गोष्ट. जी मुलं गावात राहू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आधी मार्गी लाव. आजी-आजोबा घरी असतील तर मूल मागे ठेवायला पालक तयार होतात, फक्त त्यांच्याशी कुणीतरी बसून बोलावं लागतं. जी जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड दे आणि कारखान्याजवळच्या शाळेतल्या गुरुजींचा नंबर मिळव. फोन शाळेची जागा घेत नाही. या दोन्ही वाटा चालून झाल्यावर जे उरतं, ते फोनने करायचं.

आता ग्रुपबद्दल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले. त्या काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज आम्हा शिक्षकांच्या फोनवर यायची आणि आम्ही ती पालकांना पुढे पाठवायचो. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागायची. साहित्य चांगलं होतं, मेहनतीने केलेलं होतं. तरी शाळा उघडल्यावर चौथीतली मुलं जोडाक्षरांपाशी अडखळताना आम्ही सगळ्यांनीच पाहिली. आमच्याकडून मुलांकडे पुष्कळ जात होतं आणि त्यांच्याकडून आमच्याकडे जवळजवळ काहीच येत नव्हतं. यायचे ते पालकांचे अंगठे आणि नमस्काराचे हात. वरून माहिती मागितली जाई तीही किती पालकांना लिंक पोचली याची. मुलाला काय समजलं, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

फोन नव्हते, हे कारण अर्धंच खरं आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांत एवढी वाढ झाली. पण घरात फोन असणं वेगळं आणि तो पोरीच्या हातात येणं वेगळं. फोन बापाच्या खिशात, बाप दिवसभर बाहेर, रात्री आला की आधी थोरला भाऊ घेणार. मुलींची पाळी शेवटी यायची, आणि तोवर बॅटरी उतरलेली असायची.

दुरून शिकवणं हे काही फोनबरोबर आलेलं नाही. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र कुठेही पाठवायची सोय झाली आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकवायला सुरुवात केली. कार्डावर धडा जायचा, विद्यार्थी दिलेला उतारा लघुलिपीत उतरवून परत पाठवायचे, तो तपासून, दुरुस्त होऊन पुन्हा त्यांच्याकडे जायचा. त्या पद्धतीचं मोल मला या तिसऱ्या फेरीत दिसतं. धडा छापून वाटणं तेव्हाही अवघड नव्हतं.

सलमान खान यांची खान अकादमी तुला माहीत आहे, तू तिचे व्हिडिओ पाहतेस. तिची सुरुवात व्हिडिओने झाली नव्हती. २००४ मध्ये ते बोस्टनला होते, आणि न्यू ऑर्लिन्सची त्यांची नात्यातली बहीण नादिया एकक-रूपांतरात अडकली होती. ते तिला फोनवर शिकवायचे, जोडीला संगणकावर एकमेकांना दिसेल असं लिहायचे. एक शिकवणारा, एक शिकणारी, आणि दोघांचं बोलणं. यूट्यूबवरचे व्हिडिओ आले दोन वर्षांनी, इतर भावंडंही शिकू लागल्यावर. त्या भावंडांनी त्यांना सांगितलं की प्रत्यक्ष तुमच्यापेक्षा व्हिडिओतले तुम्ही बरे! याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, तोच भाग पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटत नाही. म्हणून मी व्हिडिओच्या विरुद्ध नाही. पण मूल कुठे अडलं आहे हे आधी कळलं तर कुठला व्हिडिओ द्यायचा ते कळेल. रोज एक या हिशोबाने पाठवलेला व्हिडिओ कुणासाठीच नसतो.

मूल कुठे अडलं हे फोनवर कसं कळतं, ते एका उदाहरणाने सांगते. माझ्या वर्गातला एक मुलगा ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहायचा. वहीचा फोटो यायचा, मी लाल खूण करून बरोबर उत्तर पाठवायचे, पुढच्या वेळी तसंच दुसरं गणित पुन्हा चुकलेलं. मग त्याला म्हटलं, गणित बोलत बोलत सोडव आणि आवाज पाठव. त्याने पाठवला. त्यात स्पष्ट ऐकू आलं, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन.’ मोठ्यातून लहान वजा करायचं, अंक वर असो की खाली, असा नियमच त्याने मनाशी बांधला होता. हातचा घ्यायची गरज त्याला कधी पडलीच नव्हती. फोटोत चूक दिसत होती, चुकीमागचा विचार आवाजात सापडला. मी त्याला दहा-दहा काड्यांचे पाच जुडगे बांधून दोन सुट्या काड्या ठेवायला लावल्या, आणि सत्तावीस काढताना एक जुडगा सोडावा लागतो हे त्याने आपल्या हाताने पाहिलं. तेही फोनवरच झालं. म्हणून मी तुला म्हणते, फोटोपेक्षा आवाज मागव. कोप्यांवरच्या अडचणींनाही आवाजच सोयीचा, कारण त्याला नेट फार लागत नाही, रेंज कमी असली तरी उशिरा का होईना तो जातो, आणि ज्या आईला वाचता येत नाही तिलाही ऐकता येतो.

या पद्धतीचा आणखी एक फायदा वर्गात सहसा मिळत नाही. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात हे मोजलं होतं. बहुतेक जण एक सेकंदही थांबत नव्हते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, सुधारली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. फोनवर तर मुलाला अख्खी संध्याकाळ मिळते. वर्गात हात वर न करणारी पोर कोपीमागे जाऊन तीनदा रेकॉर्ड करते, तीनदा पुसते आणि चौथ्यांदा पाठवते. तिचा धीर तिथे तयार होतो, आणि हे फोनचं खरं देणं आहे असं मी मानते. पण त्यावर तुझं उत्तर गेलं नाही तर आठवड्याभरात ती पाठवणं बंद करेल.

म्हणून मुलं थोडी धर, आणि काम त्याहून थोडं दे. आठवड्यातून दोनदा पुरे. एकदा पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद वाचून पाठवायचा, एकदा एक गणित बोलत सोडवायचं. ऊस तोडणारी माणसं पहाटे अंधारात फडावर जातात आणि मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत त्यांना उसंत नसते. मोठी पोरं धाकट्यांना सांभाळतात, स्वयंपाकाला हात लावतात. तेव्हा सकाळी आठला ऑनलाइन तास हा विचारच काढून टाक. रात्री फोन हातात येईल तेव्हा ती पाठवतील. तू दुसऱ्या दिवशी ऐक, नाव घेऊन उत्तर दे, आधी काय जमलं ते सांग, मग एकच दुरुस्ती. एका वेळी पाच चुका सांगितल्या तर एकही सुधारत नाही.

हे उत्तर ग्रुपवर कधीही देऊ नकोस. वर्गात एखाद्याला चुकलं म्हटलं तर ते चार भिंतींत राहतं. ग्रुपवर ते सगळ्या टोळीला ऐकू जातं, मुकादमाच्या फोनवरही पोचतं, आणि तिथेच राहतं. एका पालकाने दुसऱ्याच्या मुलाचा अडखळता आवाज पुढे पाठवून हसं केलेलं मी पाहिलं आहे. ते मूल पुढे महिनाभर वाचायला तयार नव्हतं. ग्रुप हवा तर मुलांच्या आपसातल्या बोलण्यासाठी ठेव. गावात राहिलेल्यांनी शाळेत आज काय झालं ते सांगावं, फडावरच्यांनी तिथलं सांगावं. उसाच्या मोळ्या, गाडीतलं वजन, टनाचा भाव, यातून तुला पुस्तकापेक्षा चांगली गणितं मिळतील, आणि ती मांडणारी मुलं तिथे असतील. परत आल्यावर ती वर्गात पाहुण्यासारखी मागच्या ओळीत बसू नयेत, यासाठीही हे हवं.

काही गोष्टी फोनवर होणार नाहीत, त्यांच्यामागे लागू नकोस. पहिलीच्या मुलाचं अक्षर वळवायचं तर त्याचा हात धरावा लागतो. पहिली-दुसरीच्या पोरांना फक्त गोष्ट सांग आणि त्यांच्याकडून गोष्ट ऐक. त्यांचं बाकीचं काम त्या जवळच्या शाळेतल्या गुरुजींवर सोपव.

वरिष्ठ लिंक पोचल्याची आकडेवारी मागतील. ती दे, त्यावरून भांडू नकोस. पण तुझ्यासाठी एक वेगळी वही ठेव. प्रत्येक मुलाचं एक पान, त्यावर तारीख, त्याने काय पाठवलं, कुठे अडलं आणि तू काय सांगितलंस. मार्चमध्ये तुझं काम त्या वहीवरून ठरव.

टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतील. त्याआधी घरोघर जा, फोन कुणाचा आणि रात्री तो कुणाच्या हातात असतो ते आईला विचारून लिहून घे, आणि प्रत्येक मुलाकडून एकदा तरी आवाज पाठवण्याचा सराव शाळेतच करून घे. हे काम याच आठवड्यात सुरू कर.

तुझी,
आत्या