गाडी ठीक आहे, प्लग कुठाय?

आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल तीन ठाम मतं आहेत. एक, बॅटरी पाच वर्षांत भंगारात जाते. दोन, वीज कोळशावरच बनते, म्हणजे आपण धूर फक्त चंद्रपूरला पाठवतो. तीन, पुढच्या वर्षी स्वस्त होतील, तेव्हा घेऊ. हे तिसरं मत मी सलग तीन वर्षं ऐकतोय.

यातलं काहीच अगदी खोटं नाही. देशातली बहुतांश वीज अजून कोळशावरच बनते. पण पेट्रोलचं इंजिन इंधनातली बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता म्हणून उडवून टाकतं, मोटर तसं करत नाही, हेही तितकंच खरं. यावर दोन्ही बाजूंनी तासभर भांडता येतं आणि आम्ही भांडतोही. गंमत अशी, की या सगळ्या चर्चेत गाडी कायम धावत असते. ती रात्री उभी कुठे राहते, हे कुणी विचारत नाही.

माझी स्कूटर रात्री एका वीस वर्षं जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहते. मी तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या वन बीएचकेत. बॅटरी साधारण तीन युनिटची आणि गाडीतून निघत नाही, त्यामुळे ती वर नेण्याचा प्रश्न नाही. वायरच खाली यायला हवी.

वायर खाली आणायची तर परवानगी हवी. घरमालक नाशिकला असतात. ते फोनवर म्हणाले, "सोसायटी हो म्हणाली तर माझी काही हरकत नाही." सेक्रेटरी काका म्हणाले, "मालकांचं पत्र आणा, मग बघू." आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसतात आणि सिस्टीम शांतपणे लटकते. शेवटी मालकांनी पत्र दिलं, तेव्हा विषय जनरल बॉडीत गेला. तिथे भाडेकरूला मत नसतं. मी मागच्या खुर्चीवर बसून माझ्याच प्लगची चर्चा ऐकली.

काकांना भीती होती आगीची. ती मला हास्यास्पद वाटली नाही. मार्च 2022 मध्ये पुण्यातच रस्त्याकडेला पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, हे मी सांगितलं. माझा चार्जर गीझरच्या निम्मीही वीज ओढत नाही, हेही सांगितलं. काका म्हणाले, "गीझर माझ्या घरात आहे. तुझी गाडी तीस गाड्यांच्या मध्ये उभी आहे." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग असं ठरलं, की परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वेगळी वायर, नीट अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी, आणि कनेक्शन आमच्याच फ्लॅटच्या मीटरवरून. खर्च माझा. आठ महिने आणि सात हजार रुपये गेले, पण प्लग आला.

आता हिशेब. शंभर किलोमीटरला मला साडेतीन युनिट लागतात. माझ्या बिलात सगळं धरून युनिट दहाच्या आसपास पडतं, म्हणजे 35 रुपये. जुन्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला सव्वादोनशेच्या वर पेट्रोल लागायचं. माझं रोजचं जाणं-येणं 26 किलोमीटर, त्यामुळे महिन्याला अकराशे रुपयांच्या आसपास वाचतात. फार खूश होतो मी. मग अकरा महिन्यांचा करार संपला आणि भाडं पंधराशेने वाढलं. भाडं दरवर्षी वाढतंच, मालकांना दोष नाही. पण बोलताना ते सहज म्हणाले, "आता चार्जिंगची सोय पण आहे ना."

पेट्रोलचे वाचलेले पैसे नक्की कुणाला मिळाले, हे मला तेव्हा कळलं. ज्याची जागा, त्याला. मी उद्या घर सोडलं तर स्कूटर माझ्याबरोबर येईल, वायर भिंतीतच राहील.

धोरणांकडेही मी तेव्हापासून याच नजरेनं बघतो. घरच्या विजेवर जीएसटी नाही, राज्याचं वीज शुल्क तेवढं आहे. सार्वजनिक चार्जिंग ही सेवा ठरते आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. ज्याच्याकडे स्वतःचा प्लग नाही, तोच महाग वीज घेतो. राज्याच्या 2025 च्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना टोलमाफी जाहीर केली. छान आहे. फक्त या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. केंद्रानं 2024 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले, आता गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. पण भाडेकरूला जनरल बॉडीतून पार्किंगपर्यंत ती वायर न्यायची कशी, याचं उत्तर त्यात नाही.

उपाय फार अवघड आहेत असं मला वाटत नाही. भाडेकरूनं स्वतःच्या खर्चानं, नियमात बसणारा पॉइंट मागितला तर ठरावीक दिवसांत हो किंवा लेखी कारणासह नाही म्हणणं सोसायटीला बंधनकारक करता येईल. रस्त्यावर रात्रभर उभ्या राहणाऱ्या दुचाकींसाठी साधे, हळू चालणारे सॉकेट लावता येतील. दुचाकीला फास्ट चार्जर कशाला हवा, ती तर रात्रभर उभीच असते. आणि बस वाढवता येतील. पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस 2019 पासून पुण्यात धावतायत. त्या डेपोत चार्ज होतात. त्यांत बसायला स्वतःचं पार्किंग लागत नाही, मालकांचं पत्रही लागत नाही.

तुम्ही गाडी घ्यायच्या विचारात असाल तर रेंजचे व्हिडिओ नंतर बघा. आधी एकदा रात्री दहाला पार्किंगमध्ये जाऊन या. तुमची गाडी जिथे लागते तिथून सर्वात जवळचा सॉकेट किती फुटांवर आहे आणि तो कुणाच्या मीटरवर आहे, ते बघा. आणि भाड्यानं राहत असाल तर पुढच्या करारातच चार्जिंग पॉइंटचा मुद्दा लिहून घ्या. तो बसवण्याचा खर्च कुणाचा, आणि घर सोडताना त्यातले किती पैसे परत मिळणार, हेसुद्धा.